राजूरच्या खोलीतला तमिळ सिनेमा

मी एक तमिळ सिनेमा बोलतोय. प्रेमाचा आणि हसण्याचा. पोस्टरवर माझा नायक केळीच्या घडाखाली वाकून उभा आहे आणि नायिका त्याच्याकडे डोळे वटारून पाहतेय. एवढ्यावरून माझा स्वभाव तुमच्या लक्षात येईल. दुःखाचं मला काही कळत नाही. माझ्यात कुणी मरत नाही, आणि रुसलेली माणसं पुढच्या गाण्याआधी परत येतात.

थिएटरात मी फार टिकलो नाही. मग या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये फिरत, तिरुपूरच्या बनियन कारखान्यात काम करणाऱ्या राजदीपच्या पेन ड्राइव्हवर येऊन पडलो. राजदीप वणीजवळच्या राजूरचा. वडील तिथल्या कोळशाच्या खाणीत होते. ते गेले आणि पोरगं पोटासाठी इतकं लांब आलं. कारखान्यातल्या पोरांबरोबर राहून तमिळ शिकलं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तो बल्लारशाहला उतरला. वणीपर्यंत एसटी, पुढं ऑटो. त्याच्या खिशात बसून मीही घरी पोचलो.

घर म्हणजे एक खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही. समोर खाटेवर त्याची आई रुखमाबाई, आणि चुलीच्या बाजूला, अर्धी पाठ फिरवून, त्याची बायको दीपमाला. आईसमोर नवराबायकोनं बोलायचं तरी काय? "जेवले का?" "हो." झालं, दिवसभराचं बोलणं संपलं.

राजदीपनं मला टीव्हीला लावलं.

"काय बोलते रे हा? काईच समजत नाही," रुखमाबाई म्हणाली.

"थांब माय, मी सांगतो ना तुले."

आणि तो माझं वऱ्हाडी करून सांगू लागला. सुरुवातीला बरोबर सांगत होता. नायक केळी विकतो, नायिका बसमध्ये कंडक्टर आहे, ती त्याला भररस्त्यात बसमधून उतरवते. रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, असं शेजारीण दारातूनच म्हणाली.

मग रेल्वे स्टेशनाचा प्रसंग आला. माझा नायक तिथं नायिकेला एवढंच म्हणतो, "माझी छत्री दे, पाऊस येतोय." सगळा विनोदच त्यावर आहे. पण राजदीप थांबला. चुलीकडे न पाहता म्हणाला, "तो म्हणते, तुह्याबिगर तिथं मले जेवन जात नाही. येत्या खेपेले तुले संगंच घेऊन जाईन."

"काय गोड बोलते हा पोट्टा!" रुखमाबाई म्हणाली.

मी ऐकत होतो. माझ्यात असं वाक्यच नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडी जे घातलंय त्यापलीकडे मला बोलता येत नाही.

पाणी द्यायला दीपमाला जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "शिनेमातला नवरा बरा. तुमी तं कधी असं बोलत नाही."

राजदीप हसला, आणि तेही हसण्यावारी गेलं.

पुढं प्रत्येक सुट्टीत मला लावलं जायचं. प्रत्येक वेळी स्टेशनावर तो नवं काहीतरी म्हणायचा. तिला न्यायचं मात्र राहत गेलं. कधी खोली मिळाली नाही, कधी आईला एकटं कसं ठेवायचं हा प्रश्न. आणि मग तिरुपुरातच, कामावर जाताना, एका ट्रकनं त्याच्या सायकलीला धडक दिली. डोक्याला मार बसला. घरी आणला तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं, आणि वाचाही.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचं ऐकवत राहा. म्हणून दीपमाला मला लावायची. माझी माणसं पडत होती, धडपडत होती, पडद्यावर धमाल चालली होती, आणि खाटेवर तो छताकडे पाहत पडलेला. तेव्हा मला माझ्या विनोदांची लाज वाटायची.

एकदा दीपमालाचा भाऊ संघदीप यवतमाळहून आला. तिथं कॉलेजात शिकतो. म्हणाला, "ताई, असं काहून पाह्यतं? खाली हिंदीत अक्षरं येतात याच्यात." त्यानं रिमोटचं बटण दाबलं. दीपमाला वाचू लागली. स्टेशन आलं. खाली अक्षरं उमटली. मेरा छाता दो, बारिश आ रही है.

तिनं पुन्हा मागं घ्यायला लावलं. पुन्हा तेच.

"दुसरा भाग असन," संघदीप म्हणाला.

"नाही. हाच हाय."

ती उठून खाटेजवळ गेली. "अवो, ते तुमी म्हनत होते? मलेच म्हनत होते?"

राजदीपनं मान वळवली. तोंड उघडलं, पण नुसता घोगरा आवाज आला. डोळे मात्र तिच्यावरच होते.

"अन् मी म्हनलं, शिनेमातला नवरा बरा!" तिनं त्याचा हात कपाळाला लावला आणि मोठ्यानं रडू लागली.

रुखमाबाईला आता कुठं कळलं. इतकी वर्षं आपण या दोघांच्या मधे बसून होतो! ती भिंतीला धरून उठली, संघदीपला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर रणरणतं ऊन होतं. कोळशाच्या धुळीनं काळ्या झालेल्या ओट्यावर म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बसून राहिली. संध्याकाळ होईपर्यंत आत आली नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात राजदीप गेला.

दीपमाला आता वणीला एका शिलाईच्या दुकानात जाते. सकाळी निघते, अंधार पडल्यावर येते. ती मला लावत नाही. माझं गाणं कुठं वाजलं तरी वाट बदलते. मला लावते रुखमाबाई. पाहत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. घरात माणसांचा आवाज पाहिजे, म्हणून. पेन ड्राइव्ह आता लवकर तापतो, चित्र मधेच चौकोनी तुकड्यांत फुटतं. परवा असाच अडकलो, तर म्हातारी वळून म्हणाली, "बोल ना रे बाप्पा. कायले थांबला?"

मला तिला उत्तर द्यायचं होतं. तिचं बोलणं मला समजतं, राजदीपनं तेवढं शिकवलंय. पण मी फक्त तमिळ बोलतो, आणि तेही केळ्यांबद्दल.

माझं फार दिवसांचं राहिलेलं नाही. राजूरकडे कुणी जाणार असाल, तर दुपारी त्या दारात डोकवा. आतून माझी गाणी ऐकू येतील. मला बंद करा, आणि म्हातारीशी दोन शब्द बोला.