कुलगुरू जे बोललेच नाहीत

विद्यापीठाच्या मासिक वार्तापत्रात आजवर एकही कार्यक्रम फसलेला नव्हता. सगळेच्या सगळे 'उत्साहात पार पडले' होते. त्याचं कारण साधं होतं: बातमी लिहिली जायची तेव्हा कार्यक्रम झालेलाच नसायचा. छापखान्याला मजकूर आठवडाभर आधी लागे आणि पाहुण्यांना चहाच्या वेळी अंक हातात हवा असे, त्यात आपलं नाव शोधायला. त्यामुळे भूगोलाचे प्राध्यापक आणि या वार्तापत्राचे बिनपगारी संपादक भाषणांचे मसुदे आधीच मागवून घेत आणि उद्याची गोष्ट कालची करून टाकत. यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. एकदा एक पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांनी 'तरुणांना मोलाचा सल्ला दिला' होता. पुढे त्यांनी ती बातमी चौकटीत घालून बैठकीत लावल्याचं संपादकांच्या कानावर आलं.

संपादक राहायचे विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत. तिथली निम्मी घरं शिकवणाऱ्यांची होती आणि निम्मी शिकवून थकलेल्यांची. भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक होतं आणि गल्लीला ते आपल्या घराचंच दुसरं दार वाटे. सकाळी त्या फाटकातून जाता जाता शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांशी वाद घालायचा, दुपारी जेवायला घरी यायचं, संध्याकाळी अर्धवट राहिलेला वाद पुरा करायचा. आणखी काय हवं माणसाला, असं संपादक बायकोला म्हणत.

"बढती," बायको म्हणे.

समोरच्या घरात ताई राहत. गणित शिकवून निवृत्त झाल्याला त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती. जवळचं असं कुणी उरलेलं नव्हतं, आणि गुडघ्यांनीही संप पुकारला होता. तरी रोज दुपारी काठी टेकत, फाटकातून त्या ग्रंथालयात जात. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी गणितात अडलेली मुलं त्यांची वाट बघत बसलेली असत. ताई त्यांना उत्तर सोडून बाकी सगळं सांगत. "पायरी गाळलीस. मागे जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाळलेल्या पायरीला त्यांनी जन्मात अर्धा गुण दिला नव्हता.

तेच फाटक बंद करायचं कुलसचिवांच्या मनात आलं. कारण सुरक्षेचं. फाटक काढून तिथे भिंत चढवायची ठरली आणि विटाही येऊन पडल्या. मुख्य दरवाजानं जायचं म्हणजे सगळ्या आवाराला वळसा. बाकीचे कुरकुरत का होईना, चालले असते. ताईंना ते झेपणारं नव्हतं.

"आम्ही सोडत जाऊ की गाडीनं," संपादक म्हणाले.

"चार दिवस सोडशील. मग तुझा तास असेल, तुझ्या बायकोची शाळा असेल, आणि मी चपला घालून ओट्यावर वाट बघत बसेन. नको रे बाबा." ताईंनी काठी भिंतीला टेकवली. "ग्रंथालय सुटलं की मी घरात बसणार. आणि बसले की संपले."

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं की संपादकांनी गाडीचा विषय पुन्हा काढला नाही.

गल्ली कुलगुरूंना भेटली. ते आस्थेनं बोलले, पण ठाम काही म्हणाले नाहीत. मग वर्धापनदिनाच्या भाषणाचा मसुदा नेहमीप्रमाणे संपादकांकडे आला आणि त्याच्या अगदी शेवटच्या पानावर वाक्य होतं: 'मागचे फाटक पूर्वीप्रमाणेच खुले राहील, असे मी आज जाहीर करतो.' संपादकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली आणि पदरचा 'टाळ्यांचा कडकडाट'ही जोडला.

वर्धापनदिन उजाडला. पाहुणे लांबले, सत्कार लांबले, आणि कुलगुरू उठले तेव्हा निम्मं सभागृह पेंगुळलं होतं. पाहुण्यांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. ते कुलगुरूंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी भराभर वाचलं, "धन्यवाद" म्हटलं आणि ते खाली बसले. शेवटचं पान त्यांनी उलटलंच नाही.

संपादक ताडकन उठले. ते धावत बाहेर आले तोवर अंकांचे गठ्ठे सुटले होते. लोक चहात बिस्कीट बुडवत पहिलं पान वाचत होते.

"अभिनंदन!" रसायनशास्त्रवाल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "फाटक वाचलं की! मला नेमकी तेव्हाच डुलकी लागली असणार. टाळ्यांनीसुद्धा जाग आली नाही म्हणजे कमाल झाली."

ज्याला त्याला आपल्याच डुलकीची लाज वाटत होती. संध्याकाळपर्यंत त्या टाळ्या ऐकलेली माणसंही निघाली. फाटकावरच्या रखवालदारानं तर पहिलं पान खांबावर चिकटवून टाकलं आणि भिंत बांधायला आलेल्या गवंड्याला परत पाठवलं. "छापून आलंय," तो म्हणाला.

कुलसचिव मात्र भाषणभर टक्क जागे होते. "मी व्यासपीठावर होतो आणि मी असं काही ऐकलं नाही," त्यांनी संपादकांना फोनवर सांगितलं. "उद्या सकाळी कुलगुरूंसमोर या."

संपादकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, गप्प बसा," ती म्हणाली. "अर्धं सभागृह शपथेवर सांगेल. सगळं आपसूक जमून आलंय, तर तुम्ही कशाला मध्ये तंगडी घालताय?"

बोलणं पटण्यासारखं होतं. तरीही त्यांचे पाय समोरच्या घराकडे वळले. ताई वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांना डुलकी लागणं शक्यच नव्हतं.

"माहीत आहे मला," संपादकांनी तोंड उघडायच्या आतच ताई म्हणाल्या. "शेवटचं पान राहिलं त्यांचं."

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही. तुला उद्या विचारतील."

"ताई, मी 'हो, म्हणाले' असं सांगितलं, तर फाटक राहील."

"पायरी गाळलीस," ताई म्हणाल्या. "खोट्यावर उघडं राहिलेलं फाटक मला नको. रोज त्यातून मला जायचंय, तुला नाही. खरं काय ते सांग आणि ये."

संपादक गुमान घरी आले. ताई स्वतःच्या घरात बसून संपायला तयार होत्या. त्यांना ताईंचा राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटली.

सकाळी कुलगुरूंच्या दालनात कुलसचिव आधीच बसले होते. समोर अंक होता.

"काय गोंधळ आहे हा?" कुलगुरू म्हणाले. "मी फाटकाचं जाहीर केलं ना काल? घरी बायकोला सांगितलंसुद्धा मी."

सुटायची वाट समोर लख्ख उघडी होती. स्वतः कुलगुरूंनाच आपण बोललो असं वाटत होतं! नुसती मान डोलावली की काम फत्ते. संपादकांची मान थोडी हललीसुद्धा.

"नाही सर," ते म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत. मी आधीच लिहिलं होतं. शेवटचं पान राहिलं."

"तेच म्हणतोय मी," कुलसचिव खूश झाले. "जाहीर झालेलंच नाही. गवंड्याला बोलावून घेतो."

संपादकांचं तोंड उतरलं. कुलगुरूंनी खण उघडून भाषण काढलं, शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि ते ओशाळं हसले.

"माझ्या मनात तर हेच होतं. बरं, असं करू. पुढच्या महिन्यात क्रीडादिन आहे, तेव्हा जाहीर करतो. तुम्ही बातमी आत्ताच लिहून टाका."

"नाही सर," संपादक म्हणाले. आपण हे बोलतोय यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. "आधी तुम्ही बोला. मग मी लिहितो."

कुलसचिवांनी आ वासला. कुलगुरू खुर्ची मागे सारून उठले, त्यांनी कोट सारखा केला आणि घसा खाकरला.

"उपस्थित मान्यवरहो," ते म्हणाले. उपस्थितांत कुलसचिव, संपादक आणि चहा घेऊन आलेला शिपाई एवढेच होते. त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचलं. शिपायानं ट्रे टेबलावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

"आणि विटांचं काय करायचं?" कुलसचिवांनी विचारलं.

"कट्टा बांधा. बसतील मुलं."

संपादक जवळजवळ पळतच गल्लीत आले. ताई दारातच उभ्या होत्या.

"खरं सांगितलंस?"

"सांगितलं. आणि मग ते बोलले, ताई. माझ्यासमोर, उभं राहून. फाटक राहतंय."

ताईंनी दाराची चौकट घट्ट धरली आणि त्या हळूच पायरीवर टेकल्या. संपादक घाबरून पुढे झाले, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ये, बस इथे," त्या म्हणाल्या. "एक सांगते, गल्लीत बोलू नकोस. काल तुला मोठ्या तोऱ्यात शिकवलं मी. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि सकाळपासून इथे उभं राहून मनात एकच घोकत होते: आज तेवढं खोटं बोलून ये रे पोरा."