बजरंगचं रक्त

सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी सात वर्षांच्या उत्कर्षाच्या हातावर औषधाच्या चाचणीचं इंजेक्शन टोचलं. सव्वाअकराला तिथे नखाएवढी लाल गांधी उठली.

"रिॲक्शन," तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. कादंबरी म्हणाल्या.

खाटेच्या पायथ्याशी डॉ. गोपाळकृष्ण दाबके उभे होते. पोरीला घटसर्प झाला होता. घशात राखाडी पडदा, मान सुजून जबड्याला भिडलेली. घटसर्पावरचं औषध घोड्याच्या रक्तातून निघतं. घोड्याला घटसर्पाच्या जंतूंचं विष थोडं थोडं टोचायचं आणि रक्त विषाशी झुंजायला शिकलं की त्यातला झुंजणारा भाग माणसाला द्यायचा. तो भाग शुद्ध करण्याची नवी रीत दाबक्यांनीच हडपसरच्या प्रयोगशाळेत बसवली होती. चार वर्षांपूर्वी निवृत्त होताना तिथला घोड्यांचा तबेला बंद करण्याच्या कागदावर सहीही त्यांनीच केली. शेरा होता : आजार जवळपास संपला, मागणी नाही.

आता शहरात औषध नव्हतं. बाहेरून यायला दोन दिवस. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये नमुना म्हणून ठेवलेल्या आठ बाटल्या दाबके सकाळी स्वतः घेऊन आले होते. मुदत संपून वर्ष झालेलं.

"सर, आजार संपल्याचं जंतूंना कळवायचं राहिलं वाटतं," कादंबरी म्हणाल्या.

दाराशी पोरीचा आजा उभा होता. धोंडिबा, तबेल्यात तीस वर्षं घोडे सांभाळलेला.

"सायब, आमच्या बजरंगचंच रगत हाय ना ह्यात?"

"त्याचंही आहे."

"मग गुण येनारच. तिचा लई जीव त्याच्यावर. रोज खरारा करती. शिंका येत्यात, डोळं सुजत्यात, पर सोडत न्हाई."

दाबक्यांनी खाटेचा दांडा धरला. तबेला मोडताना शेवटचा घोडा, बजरंग, त्यांनीच धोंडिबाला दिला होता, आठवण म्हणून. चार वर्षं पोरीचं अंग घोड्यावर चिडायला शिकत होतं. घोड्याजवळ त्रास होतो का, हे आधी विचारा, असं त्यांनी विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांना बजावलं होतं. आज त्यांनीच विचारलं नव्हतं.

"पूर्ण डोस दिला तर शॉकमध्ये जाईल," कादंबरी म्हणाल्या. "नाही दिला तर पडद्याने श्वास कोंडेल किंवा हृदय बंद पडेल. काय करायचं?"

"हजारपट पातळ करा. तिथून सुरुवात. दर वीस मिनिटांनी थोडं वाढवायचं. शॉक आलाच तर म्हणून ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवा."

"मध्ये थांबावं लागलं तर?"

"फार वेळ थांबलो तर अंगाला लागलेली सवय मोडते, पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ तिच्याकडे नाही."

"आणि बाटलीत जोर उरलाय?"

"माहीत नाही."

धोंडिबाने हात जोडले. "सायब, तुमी हाय म्हंजे काळजी न्हाई." दाबक्यांना त्याच्याकडे बघवेना.

पहिली मात्रा अकरा चाळीसला गेली. चौथीनंतर अंगावर पित्त उठलं, ते ॲलर्जीच्या औषधाने बसलं.

एक वीसला सहावी दिली. नाडी एकशे चव्वेचाळीस. खालचा ओठ किंचित सुजलेला, श्वास सुरू. पुढची मात्रा कादंबरींनी सिरिंजमध्ये भरून ठेवली आहे. घड्याळात एक बत्तीस झाले आहेत; द्यायची की थांबायचं, हे ठरवायला आठ मिनिटं आहेत.