पुढची तारीख

जयवंत परबांच्या रबरी वॉशरच्या कंपनीत दोन डायरेक्टर. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको रत्नप्रभा. आता ही बाई पार्ल्याच्या घरात भाजी निवडत बसायची आणि कंपनी होती मुलुंडला, ही गोष्ट वेगळी! तिच्या नावाने दर महिन्याला पगार निघायचा. तो खर्चात धरला की कंपनीचा नफा तेवढा कमी, आणि नफा कमी तर टॅक्स कमी. नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा सरकार नेणार म्हटल्यावर माणूस बायकोलाही कामाला लावतो, निदान कागदावर तरी.

शहाऐंशी साली टॅक्सच्या कचेरीत नवा साहेब आला आणि त्याने विचारलं, या बाई नेमकं करतात काय? काम खरं नसेल तर पगार खर्चात धरता येणार नाही. बाईंना समक्ष आणा.

झाली का पंचाईत! टॅक्सचे वकील शिवदास म्हणाले, "परब, वहिनींना तयार करा. अडखळल्या तर फार तर पुढची तारीख मागू."

तेव्हापासून जयवंतराव संध्याकाळी लवकर घरी यायला लागले. अहो, लेकीचं लग्न झाल्यापासून जो माणूस घरात नुसता जेवायला आणि झोपायला यायचा, "मीठ दे" आणि "दार लाव" यापलीकडे ज्याचं बोलणं नाही, तो चहाचा कप घेऊन बायकोसमोर बसायला लागला! दिवसभर घर नुसतं खायला उठायचं तिला. आता ती चार वाजल्यापासूनच केस विंचरून तयार.

"सांग, तयार माल कोण तपासतं?"

"मी."

"कसा?"

"अंगठ्याने दाबून. भेग दिसली की बाजूला."

शिकवता शिकवता जयवंतराव भलतंच बोलत सुटायचे. फोरमन दशरथ बंद पडलेल्या मशीनला कशा शिव्या घालतो, पहिली ऑर्डर परत आली तेव्हा गिरणीत जन्म घालवलेल्या वडिलांपुढे आपल्याला कसं रडू फुटलं. एवढा संसार झाला, पण यातलं काही म्हणजे काही तिला ठाऊक नव्हतं. एकदा ते तिला मुलुंडलाही घेऊन गेले. तिने पेटीतले वॉशर दाबून पाहिले आणि खरोखरच भेगाळलेले वेगळे काढले. "झकास!" म्हणून ते मोठ्याने हसले. पुढचे काही दिवस बाईचे पाय जमिनीवर नव्हते.

मग तो दिवस आला. साहेब साधा माणूस होता, आवाजही चढवला नाही.

"बाई, कंपनीत तयार माल कोण तपासतं?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. रत्नप्रभाने शेजारी पाहिलं. जयवंतराव तिच्याकडे डोळे लावून बसले होते, एवढं तर त्यांनी लग्नातही पाहिलं नसेल. आणि तिच्या मनात आलं, हे सांगितलं की संपलं सगळं. उद्या कशाला कोण लवकर येतंय? त्यापेक्षा पुढची तारीख मिळाली तर...

"आठवत नाही, साहेब," ती म्हणाली. "पुढच्या वेळी सांगते."

"निदान माल कसला बनतो?"

"तेसुद्धा पुढच्या वेळी."

वकिलांनी घाईघाईने तारीख मागितली. साहेब म्हणाला, "स्वतःचं काम आठवायला तारीख कशाला हवी?" आणि त्याने तिचा पगार खर्चातून काढून टाकला. विषय संपला!

टॅक्सीत ती वाट पाहत होती. रागावतील, चार शब्द ऐकवतील, निदान 'का' म्हणून विचारतील. जयवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी तिलाच राहवेना.

"अहो, मला येत होतं. माल मी तपासते. अंगठ्याने दाबून, भेग दिसली की बाजूला..." घडाघडा सगळं म्हणून दाखवलं तिने, डोळ्यांत पाणी आणून.

"आता काय उपयोग?" ते हळूच म्हणाले. "घाबरलीस, होतं असं. चूक माझीच, तुला नाही त्या भानगडीत ओढलं. पुढच्या वर्षी तुझ्या जागी आमच्या धाकट्या भावाला, भाऊरावालाच डायरेक्टर करतो. तू आपली निवांत राहा."

तिला पार्ल्याला घराखाली सोडून ते त्याच टॅक्सीने मुलुंडला निघाले. जेवायला थांबू नकोस म्हणाले.