छत्री उघडली की बॉबीन

शहाद्याचा पाऊस आणि रिनाचं कुत्र्याचं पिलू बॉबीन, दोघांनी मिळून तिला वेड लावायचं ठरवलं होतं. पाऊस थांबायचं नाव घेईना आणि बॉबीन ओल्या अंगणात पाऊल टाकेना. एवढासा जीव, पण नखरे नवरदेवाचे! बाहेर ठेवला की कुडकुडत तिच्या पायात शिरायचा, आत आणला की शिलाई मशीनच्या पायडलपाशी खुशाल कार्यक्रम उरकायचा.

धडगावकडच्या डोंगरातून येऊन रिना इथे भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची, ब्लाउज शिवायची. दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ, पण संध्याकाळी दार लावलं की खोली खायला उठायची. बॉबीन आल्यापासून खोलीचं ते खायला उठणं थांबलं होतं. म्हणूनच घरमालक पितांबरकाकांनी दम दिला तेव्हा रिनाने बॉबीनला पाठीमागे लपवलं.

"फरशीवर एक थेंब बी पडी गया, तं कुत्रं बाहेर! सांगी ठेवस."

मग रिनाने युक्ती काढली. छत्री फटकन उघडायची, तिच्याखाली बॉबीनला अंगणात उभं करायचं आणि काम झालं की भाकरीचा तुकडा द्यायचा. आधी नुसतीच भिजली बिचारी. पण बॉबीन पडला खादाड! थोड्याच दिवसांत छत्री फटकन वाजली की तो धावत तिच्याखाली यायचा, मागचे पाय वाकवायचा आणि भाकरीसाठी वर बघायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा रिना अंगणात छत्री फिरवत नाचली.

अशातच काका फरशी बघायला आले. फरशी लख्ख! काका खूश. चहा घेतो म्हणाले. आणि पावसाळ्यात सगळेच करतात तेच त्यांनी केलं. ओली छत्री वाळायला म्हणून खोलीतच उघडली, फटकन.

रिना "काका, नको!" म्हणेपर्यंत बॉबीन छत्रीखाली पोचलाही होता. काकांच्या पायालगतच त्याने मनापासून काम उरकलं आणि भाकरीसाठी काकांकडे बघितलं.

"अरे, मन्हा पायजमा!"

"काका, त्याला हाकलू नका हो!" रिनाला रडूच फुटलं. "चूक माझी आहे. छत्री उघडली की करायचं, हे मीच त्याला शिकवलंय."

"छत्री देखीसन? कायबी सांगस!"

काकांनी छत्री मिटली, तरातरा अंगणात गेले आणि परत उघडली. बॉबीन मागोमाग धावला. उरलासुरला थेंब इमानदारीने गाळला आणि वर बघितलं.

काकांनी आधी छत्रीकडे बघितलं, मग बॉबीनकडे. मग असे हसायला लागले की छत्रीसकट गदगदत राहिले.

"मन्हा घरमा आजलोंग मन्हं कोणी इतलं ऐकं नही! ऱ्हाऊ दे त्याले."

रिनाने बॉबीनला उचलून त्याच्या ओल्या कपाळाचे मुके घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक ऊन पडलं. रिना मशीनवर बसली होती, तेवढ्यात अंगणात फटकन आवाज झाला. तिने खिडकीतून बघितलं. काका लुंगी-बनियनवर, हातात छत्री, मुठीत भाकरीचा तुकडा घेऊन उभे. छत्रीच्या सावलीत बॉबीन.

रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काका, पाऊस कोठे शे?"

"चूप ऱ्हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "त्यानं काम चालू शे."