खिळ्याने कोरलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका गावात, दुसरीच्या वर्गात, मागच्या भिंतीशी मी उभा असतो. उभा असतो असे म्हणतो खरा. पण माझे पाय मला दिसेनासे होऊन आता तीन वर्षे झाली.

माझे लाकूड एका मोडक्या होडीचे. पाक सार्मिदी या म्हाताऱ्या सुताराने तिच्या फळ्या तासून मला घडवले, दोन उंच खांबांवर बसवले आणि खांब हलू नयेत म्हणून खाली, जमिनीपासून चार बोटांवर, एक आडवी पट्टी ठोकली. मुले त्या पट्टीवर पाय देऊन माझ्या वरच्या कडेला हात लावीत. दर शनिवारी वर्गाच्या शिक्षिका बू वार्ति माझ्यावर एक मोठा कागद लावीत. ‘या आठवड्यात आम्ही काय शिकलो’ असा त्याचा मथळा असे. कधी पानांचे ठसे, कधी खेकड्यांच्या पायांची बेरीज, कधी बाटलीत रुजवलेल्या खारफुटीची चित्रे. मुलांना न्यायला आलेल्या आया तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत. त्या दिवसांत मला मोठा मान होता.

माझ्या उजव्या खांबावर पेन्सिलीने काढलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. त्या सर्वांच्या वर एक रेघ मात्र खिळ्याने कोरलेली होती. ती वर्गातल्या उल्फाच्या वडिलांनी, रोहमत यांनी कोरलेली. समुद्राने त्यांची मासळीची तळी गिळली, तेव्हा ते दूर समुद्रापलीकडे कालिमंतानला पामच्या मळ्यात कामाला निघाले. जाण्याआधी लेकीला खांबाशी उभे करून, तिच्या डोक्याच्या बरेच वर त्यांनी ती रेघ कोरली.

“न्दुक, पोरी, तुझं डोकं इथवर पोचलं ना, की मी घरी आलोच समज.”

“आणि नाही पोचलं तर, बापाक?”

“न पोचायला काय झालं? फक्त ताटातला मासा मांजराला देत जाऊ नकोस.”

आमच्या गावात भरतीचे पाणी घरात शिरते. म्हणून लोक दर दोन-तीन वर्षांनी मातीची भर घालून फरशी वर घेतात. दारे बुटकी होतात, माणसे वाकून आत जायला शिकतात आणि थोड्याच दिवसांत आपण वाकतो आहोत हेही विसरतात. रोहमत गेल्यानंतरच्या सुटीत आमच्या वर्गातही भर पडली. बू वार्तिंनी स्वतः मातीच्या टोपल्या वाहिल्या. मला कोणी हलवले नाही. माझ्याभोवतीच नवी फरशी बसली आणि आडवी पट्टी तिच्याखाली गेली.

शाळा उघडली. पहिला धडा लांबी-उंचीचा होता.

“बू! मी माझ्या रेघेच्या केवढा वर गेलो, बघा!” फतोनी ओरडला. मग त्याने उल्फाला खांबाशी ओढले आणि तिच्या डोक्यावर मोजपट्टी ठेवली. “अगं कोळंबे, तू तर खिळ्याच्या रेघेच्याही वर!”

“तिरकी धरली असशील. परत बघ.”

“तीनदा बघितलं. बोलाव आता बापाकला. येताना मला काहीतरी आणायला सांग.”

बू वार्तिही हरखल्या. ‘एका सुटीत आमचा सगळा वर्ग वीतभर वाढला!’ असे त्यांनी शनिवारच्या कागदावर लिहिले. खांबाला टेकून उभ्या असलेल्या उल्फाचा फोटो त्यांनी सर्व पालकांच्या फोनवर पाठवला. मला सारे ठाऊक होते. पण लाकडाला बोलता येत नाही. उल्फा मात्र शाळा सुटल्यावर पायरीवर बसून धक्क्याकडच्या वाटेवर डोळे लावू लागली.

चौथ्या दिवशी पाक सार्मिदी आले. फरशी वर आल्यामुळे दार अडत होते. ते खालून कापायचे होते. त्यांनी माझ्यावरचा कागद वाचला.

“पोरांना खत घातलंत का काय, बू वार्ति?”

“बघा ना, पाक! एकाच सुटीत!”

ते हसत हसत माझ्यापाशी वाकले आणि सवयीने आडवी पट्टी चाचपू लागले. बोटांना गार फरशी लागली. त्यांचे हसू थांबले.

“पोरं नाही वाढली, बू. जमीन वर आलीय. माती तुम्हीच तर टाकलीत.”

बू वार्ति बाकावर बसल्या. मग त्यांनी टेप आणून उल्फाला फरशीपासून मोजले. ती बोटभर वाढली होती. “चूक माझी आहे, मुलांनो,” त्या सर्व वर्गासमोर म्हणाल्या.

उल्फाने त्यांची बाही धरली. “बापाकला नका ना सांगू, बू. त्यांनी सामान बांधलं असेल.”

परंतु सांगणे भाग होते. त्यांनी तिथेच फोन लावला. रोहमत यांचा आवाज साऱ्या वर्गाने ऐकला.

“फोटो बघताच कळलं मला, बू. खालची पट्टी दिसली नाही. मी येतोय. पण राहायला नाही. दोघी मायलेकींना घेऊन जायला. अजून एक भर घातली, तर आमच्या घराचं छप्पर डोक्याला लागेल.”

उल्फाला हवे होते ते मिळाले. ती हसली नाही.

त्या शनिवारच्या कागदावर एकच ओळ होती : ‘मोजण्याआधी आपण कशावर उभे आहोत ते पाहावे.’ तिच्याभोवती कोणी फुले काढली नाहीत.

तेव्हा वर्गात एकोणीस मुले होती; आज अकरा आहेत. मध्यंतरी आणखी एकदा भर पडली. माझ्यावरच्या टाचण्या खाऱ्या हवेने गंजल्या आहेत, पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या आहेत. खिळ्याची रेघ तेवढी शाबूत आहे. आताच्या मुलांच्या ती छातीशी येते.

मित्रांनो, मला उकरून काढा असे मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातून पुढची भर पडेल, तेव्हा किती माती घातली ते माझ्या खांबावर लिहून ठेवा. उल्फा कधी परत आली, तर पाठ टेकून याच रेघेपाशी उभी राहील. निदान तेव्हा तरी तिला तिची खरी उंची कळावी.