जुनावाले इकडे

माणसाची खरी कमाई म्हणजे त्याने निष्ठेने सांभाळलेला आजार. हा विचार मी सोमवारी सकाळी अमरावतीच्या एका दवाखान्यात, फ्लूच्या लसीच्या रांगेत मांडायला घेतला आणि ‘माणसाची’ एवढ्यावरच खोकला आला. पुढचे तिघे एकेक पाऊल लांब सरकले.

माझा दमा एकतीस वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेतून मी निवृत्त झालो, तो झाला नाही. सुरुवातीला त्याला मान होता. धाप लागली की आमची पंचफुला पाठ चोळायची, शेजारपाजारचे मोसंबी घेऊन यायचे. आता धाप लागली की ती टीव्हीचा आवाज वाढवते.

आणि तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या ताहेरभाईला शुगर निघाली. ताहेरभाई शिंपीकाम करतो, माझ्याच वयाचा. सगळी गल्ली त्याच्या दारात अशी लोटली, की मला वाटलं, हा निवडून आला. पंचफुला त्याच्यासाठी मेथीची भाजी वेगळी काढू लागली. अकोल्याहून आमच्या साधनाचा फोन येतो, तीही आधी ताहेरकाकांची शुगर किती ते विचारते. माझ्याबद्दल ‘बाबा बरे असतीलच’ असं स्वतःच सांगून मोकळी होते. मीही त्याला भेटायला गेलो. त्याने तीन पानी रिपोर्ट दाखवला. शुगरला आकडा असतो. दम्याला नुसता आवाज.

म्हणून डॉक्टरांनी मला, तुमचा आजार जुना आहे, हिवाळ्याच्या आधी फ्लूची लस घेऊन टाका, असं सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. एकतीस वर्षांनी का होईना, कोणीतरी सेवाज्येष्ठता मोजली होती.

एवढ्यात सिस्टरने आवाज दिला, “जुने आजारवाले, जुनावाले इकडे या. आधी त्यायचं करून घेऊ.” मी छाती पुढे काढून गेलो. पाहतो तर माझ्या दोन पावलं पुढे ताहेरभाई.

मी सिस्टरला नम्रपणे कळवलं, की यांचा आजार यंदाच्या पावसाळ्यातला आहे, अजून प्रोबेशनही संपलं नाही. सिस्टरने वहीतून मान वर केली नाही.

“काका, जुना म्हणजे जलमभर जात नाही तो. शुगर निघाली का त्याच दिवशी जुनी होते.”

एकतीस वर्षं एका वाक्यात गेली. सुई आधी ताहेरभाईला. त्याने बाही वर केली तेव्हा रांगेतल्या दोन बायांनी, दुखलं का हो भाऊ, म्हणून विचारलं. माझ्या वेळी त्यातलीच एक म्हणाली, आटपा.

लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं होतं. फाटकाशी जिलेबीची गाडी उभी होती. मी पावभर घेतली. खोटं कशाला बोलू, भूक नव्हती. बाकावर ताहेरभाईला खेटून बसलो, पुडा उघडला, पहिली जिलेबी उजेडात धरली, पाक ओघळू दिला आणि खाल्ली. दुसरी जरा आवाज करून खाल्ली.

ताहेरभाई बराच वेळ पाहत राहिला.

“देवरावभाऊ,” तो म्हणाला, “सच सांगू? मले तुमचा लय हेवा वाटते.”

मी चावायचं थांबलो.

“तुमचं कसं, धाप लागली का पंप मारला, झालं. तुमच्या ताटात कोणी डोकावत नाही. आमची अनीसा मले पोळ्या मोजून देते. जो भेटायले येते तो मेथी घेऊन येते. काय खावं वाटते, हे तीन महिन्यांत एकानं विचारलं नाही. तुमी मजेत आहा.”

माझ्या दम्याला कोणी ‘मजा’ म्हणावं, हे मात्र अती झालं. मी उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. उशीला टेकून बसून काढलेले हिवाळे, दोन वेळा लावलेला ऑक्सिजन, धाप लागेल म्हणून नातेवाइकांच्या न पाहिलेल्या वराती. वाक्य चांगलं लांबलचक जमत होतं. शेवटी ‘आता तूच सांग’ असं यायचं होतं.

ताहेरभाईची नजर पुड्यावर होती.

“खा, तुमी खा. मी मागून नाही राहिलो,” तो म्हणाला. “फक्त पुडा जरा इकडच्या हातात धरा. वारा तिकडं जाऊन राहिला, वास येत नाही.”