झाकलेली विहीर

एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये बळीरामने प्लॉटवर चुन्याची फक्की टाकली, त्या सकाळपासून देवकीला घास गोड लागेना.

जरीपटका वस्तीच्या अलीकडच्या त्या गल्लीत, तिच्या मागच्या दाराला लागून, पंचवीस बाय तीसचा तो तुकडा कित्येक वर्षं रिकामा पडला होता. बाया तिथे पापड वाळवत. पोरं कोपऱ्याकडे गेली की देवकी हाका मारून त्यांना परत बोलवायची. त्या कोपऱ्यात विहीर होती. नवी नवरी होऊन ती आली तेव्हा त्याच विहिरीचं पाणी शेंदत असे. पुढे गल्लीत नळ आला आणि जुन्या मालकाने काठ पाडून विहिरीवर सागाच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर मुरूम, मुरमावर माती. विहीर बुजवली नाही, नुसती झाकली. तो मालक वारला, मुलांनी प्लॉट विकला. आता तिथे गवत होतं आणि जमीन तळहातासारखी सपाट दिसत होती.

प्लॉट घेणारा बळीराम कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होता. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. ही गोष्ट गल्लीत दोन दिवसांत पसरली आणि तिसऱ्या दिवशी बाबाराव अर्ज घेऊन दारोदार फिरले. गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. इथे घर बांधू देऊ नये, असा अर्ज. गल्ली अरुंद होईल, नाली तुंबेल, आगीचा बंब आत येणार नाही, आणि प्लॉटमध्ये जुनी विहीर आहे. मनातलं कारण कागदावर कुठेच नव्हतं. लिहिलेल्यांपैकी विहिरीचं तेवढं खरं होतं.

देवकीचा नवरा धोंडबा गिरणीतून नुकताच आला होता. त्याने सही केली आणि पेन तिच्याकडे दिला. "कर. याच गल्लीत राह्यचं हाय आपल्याले."

तिने केली.

अर्जावरून महापालिकेच्या कचेरीतून माणूस आला. त्याने टेप लावला, नकाशा उलगडला. नकाशात विहीर नव्हती. बाबारावांनी बोट दाखवलं ती जागाही भलतीच होती, आणि वर त्यांनी विहिरीत बुडालेल्या बाईची हकीकत जोडली, ती अजून दिसते म्हणाले. तो माणूस हसला. बळीरामही हसला. देवकी दाराच्या फटीतून सगळं पाहत होती. एवढ्या पुरुषांपुढे तिचं तोंड उघडलं नाही.

अर्ज फेटाळला गेला आणि पायव्याचं खोदकाम सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी बळीराम स्वतः खोदायचा, त्याची बायको प्रेमिला घमेल्याने माती उचलायची. कुदळीचा प्रत्येक घाव देवकीला घरात ऐकू यायचा. घाव थांबला की तिचे हातही थांबत. पुन्हा आवाज आला की ती श्वास सोडायची. चर दर सुट्टीला थोडा थोडा कोपऱ्याकडे सरकत होता.

"त्याईले सांगा ना तुमी," ती धोंडबाला म्हणाली.

"काय सांगू? ते म्हणतील, अर्ज चालला नाही तं आता भेव दाखवून राहिले. अन् उद्या काही झालं तं म्हणतील, तुमाले माहीत होतं. तू चूप राह्य."

त्यानंतर तिची झोपच उडाली. बोललं तरी वाईट, न बोललं तर त्याहून वाईट. शेवटी तिने प्रेमिलाला नळावर गाठलं.

"बाई, त्या कोपऱ्यात खोदू नका. खाली खरंच विहीर हाय."

प्रेमिलाने बादली नळाखाली सरकवली. "अर्जावर तुमची सही पाह्यली मी."

"केली होती."

"काहून केली?"

"भेली होती मी."

"आमाले?"

"गल्लीले."

प्रेमिलाने तिच्याकडे पाहिलं. "मंग आता कोणाले भिऊन राहिल्या?"

"तुमचा माणूस खाली जाईन," देवकी म्हणाली. प्रेमिला बादली उचलून निघून गेली.

पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास कुदळीचा आवाज बदलला. इतके दिवस तो कोरडा, टणक होता. आता घावामागून खालून घुमल्यासारखं काहीतरी येत होतं. देवकीने परातीतलं पीठ तसंच सोडलं, दारामागची लोखंडी सब्बल उचलली आणि अनवाणी बाहेर गेली. बळीराम चरात उभा होता, कोपऱ्यापासून दोन हातांवर.

"भाऊ, बाजूले व्हा."

"बाई, नकाशात विहीर नाही," तो शांतपणे म्हणाला. "त्या दिवशी सगळ्याईच्या समोर पाह्यलं."

"नकाशा मले वाचता येत नाही. पाणी मी काढलं हाय इथून."

तो हलला नाही. मग तीच वळसा घालून कोपऱ्यात गेली. तिने सब्बल दोन्ही हातांनी उचलून खाली मारली. एकदा. दुसऱ्यांदा ती वीतभर आत गेली. तिसऱ्यांदा खाली काही लागलंच नाही. सब्बल तिच्या हातातून निसटली आणि जमिनीत दिसेनाशी झाली.

काही क्षण काहीच आवाज नव्हता. मग खूप खालून पाणी वाजलं.

बळीराम चरातून उडी मारून मागे झाला. देवकी मात्र जागच्या जागी उभी होती. तिच्या टाचांखालची माती दळलेल्या पिठासारखी सरकत होती.

"हलू नका," बळीराम म्हणाला. "पोटावर आडव्या व्हा. हळू."

ती आडवी झाली. प्रेमिलाने पाण्याच्या ड्रमाजवळचा दोर आणून टाकला. देवकीने तो मनगटाला दोन वेढे देऊन धरला, आणि त्या दोघांनी तिला मातीवरून ओढत आणलं. ती चराशी पोचली न पोचली तोच मागे फळ्या कडाकडा मोडल्या. खाटेएवढं भोक पडलं. आतून गार, कुजका वास वर आला.

मे महिन्याच्या उन्हात देवकीला हुडहुडी भरली होती. मनगट सोललं होतं. प्रेमिला तिच्या शेजारी मातीतच बसली, तिचा हात मांडीवर घेऊन दोराचे वेढे सोडवत राहिली.

गल्ली गोळा झाली. बाबाराव म्हणाले, आपण अर्जात लिहिलंच होतं. बळीराम त्यांच्याकडे वळला. "लिहिलं होतं," तो म्हणाला. "पण दादाजी, तुमी आमाले सांगितलं नव्हतं."

विहीर त्याने बुजवली नाही. तिला नवा काठ बांधला, वर जाळी टाकली. त्यासाठी जागा सोडावी लागली, म्हणून घर सरकून अगदी देवकीच्या भिंतीला येऊन भिडलं. तिच्या चुलीजवळची खिडकी बंद झाली. भिंत चढायच्या आधी बळीराम विचारायला आला होता. धोंडबा काही म्हणायच्या आत देवकीनेच हो म्हटलं.

पुढे बरेच दिवस अंगणात पाऊल टाकताना ती आधी टाचेने जमीन दाबून पाहायची, आणि मगच पुढे जायची.